मधल्या रूपाचं ऑर्किड : संकर की नुसता फरक?

प्रश्न : रानातल्या दोन जातींच्या ऑर्किडमध्ये आपोआप संकर होतो का?

उत्तर : होतो, पण फूल मधल्या रूपाचं दिसलं, एवढ्यावर तसा निष्कर्ष काढू नये. फिलिपाइन्समधलं ‘फॅलेनॉप्सिस इंटरमीडिया’ पाहा. मोठ्या पांढऱ्या फुलांची अ‍ॅफ्रोडाइट आणि लहान गुलाबी फुलांची इक्वेस्ट्रिस यांचा हा संकर असावा, असा वनस्पतिशास्त्रज्ञ लिंडली यांचा १८५३ मधला अंदाज. तो नुसता तर्कच राहिला असता. पण इंग्लंडच्या व्हीच रोपवाटिकेत जॉन सीडन यांनी याच दोन जातींचा मुद्दाम संकर केला आणि १८८६ मध्ये रानातल्यासारखंच फूल उमललं.

रोपवाटिकेत जमलं म्हणून रानातही घडतं कशावरून, असं कुणी म्हणेल. आक्षेप रास्त आहे. मात्र बहुतेक ऑर्किडचे परागकण सुटे नसतात. त्यांचे मेणचट गोळे चिकट तळानं कीटकाच्या अंगाला डकतात. तोच कीटक शेजारच्या जातीच्या फुलात शिरला की काम झालं, कारण जवळच्या जातींमध्ये बी धरायला सहसा अडचण येत नाही. मग जाती एकमेकींत मिसळून का जात नाहीत? बहुतेकदा त्यांचे कीटक वेगळे, नाहीतर फुलण्याचा हंगाम वेगळा असतो. म्हणून संकर तुरळकच.

तेव्हा असं फूल आढळलं तर आसपास दोन्ही संभाव्य पालक फुललेत का ते आधी बघा, तिघांचे फोटो घ्या. झाड मात्र उपटू नका.