पोरांना आपला मुलूख दाखवा

पावसाळा लागला की मुंबई-नाशिकची मंडळी गाड्या करून आपल्या जव्हार-मोखाड्यात येतात. कशाला येतात? दाभोशाचा धबधबा पाहायला येतात. डोंगरावरचं धुकं पाहायला येतात. पदरचे पैसे खर्चून येतात. आणि त्या धबधब्यापासून दोन कोसांवर राहणाऱ्या आपल्या पोरानं मात्र तो पाहिलेला नसतो. त्याला कोणी नेलेलंच नसतं.

तुम्ही म्हणाल, "मास्तर, आम्हांला पोटाची भ्रांत. हिंडायला सवड कुठली?" खरं आहे. भात-नागली घरात आली, दिवाळी झाली, की आपली कितीतरी घरं जगायला बाहेर पडतात. कोणी भिवंडीकडं, कोणी वसईकडं, वीटभट्टीवर. पोरंही बरोबर जातात. पावसाच्या तोंडावर परत येतात. भट्टीवरच्या पोराला मालक कळतो, ट्रक कळतो. पण ऐन कुठला नि शिवण कुठली, हे कळत नाही. पोर आजीपाशी ठेवून त्याची शाळा चालू राखता आली तर फार चांगलं. पण तो निराळा धडा आहे. आज एवढंच सांगतो. जून ते दिवाळी पोर गावात असतं. तेवढ्या दिवसांत त्याला आपला मुलूख दाखवा.

त्यासाठी लांब जायला नको. चार-पाच वर्षांच्या पोराला अर्धा तास चालणं पुष्कळ झालं. शेतावर जाताना, सरपण आणताना त्याला बरोबर घ्या. एका दिवशी एकच गोष्ट दाखवा. ते थांबलं की तुम्हीही थांबा.

आधी घराजवळचा ओहोळ दाखवा. पाऊस उघडल्यावर दाखवा, पूर असताना नको. झाडीच्या उतारावरून आलेलं पाणी पाहा. ते बरंचसं निवळ असतं. मग उघड्या, बोडक्या उतारावरून आलेलं पाणी पाहा. ते लाल, गढूळ असतं. ते आपली माती घेऊन चाललेलं असतं. पोराच्या ओंजळीत दोन्ही पाणी घालून दाखवा. शाळेत असताना मी पहिलीच्या मुलांना हेच दाखवत असे. फळ्यावर लिहून जे समजत नाही, ते ओंजळीत समजतं.

उन्हाळ्यात गावी असाल, तर तोच ओहोळ पुन्हा दाखवा. आता तो कोरडा ठणठणीत असतो. पोर हमखास विचारतं, "बा, एवढं पाणी गेलं कुठं?" हा प्रश्न लहान नाही. आपल्याकडं पाऊस धो धो पडतो. तरी उन्हाळ्यात मोखाड्याच्या पाड्यांवर टँकर येतो. असं का? आपले डोंगर काळ्या कातळाचे. वर मातीचा थर पातळ. उतार उभा. पाण्याला मुरायला जागा नाही नि थांबायला सवड नाही. ओहोळ नदीला मिळतो आणि नदी समुद्राकडं पळते. वैतरणा नदी त्र्यंबकच्या डोंगरात उगवते आणि मोखाड्यातून पुढं जाते. तिच्यावर मोखाडा तालुक्यातल्या कोचाळे गावाजवळ मध्य वैतरणा धरण आहे. ते २०१४ साली सुरू झालं. त्याचं पाणी मुंबईच्या नळांना जातं. आपल्या बाया मात्र हंडा घेऊन टँकरची वाट पाहतात. हे पोराला खरं खरं सांगा. रागानं नको, पण लपवूनही नको. उद्या ग्रामसभेत पाण्याचा प्रश्न तेच विचारणार आहे.

पहिल्या पावसात रानात शेवळं उगवतात. आई भाजीला जाते तेव्हा पोरानंही जावं. शेवळं नुसती खाल्ली तर घसा खाजतो, म्हणून त्यांत काकडं घालून शिजवतात. हे आयांना ठाऊक आहे, पण सांगितल्याशिवाय पोरांना कसं कळेल? दगडाखाली, पाल्यात हात घालू नये, हेही तेव्हाच शिकवा. तिथं फुरसं असतं. साप चावलाच तर भगताकडं वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा आणि थेट सरकारी दवाखाना गाठा.

आता धबधब्याचं. दाभोशाला लेंडी नदी सुमारे ३०० फुटांवरून पडते. लहान पोराला तो भर पावसात दाखवू नका. दसऱ्याच्या सुमारास न्या आणि लांबून दाखवा. जव्हारजवळ काळमांडवीचा धबधबा आहे. तिथं २०२० च्या जुलै महिन्यात पाच तरुण बुडून मेले. त्यांतले काही जण दुसऱ्यांना वाचवायला उतरले होते. म्हणून दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा. पायाखालचा दगड हिरवा दिसला की माघारी फिरा. त्यावर शेवाळ असतं. आणि कोणी पाण्यात पडलं तर मागोमाग उडी टाकू नका. दोर टाका, काठी द्या, लुगडं फेका. आणखी एक. आपल्यावर ऊन पडलेलं असतं नि वर डोंगरात पाऊस कोसळत असतो. तेव्हा पाणी बघता बघता चढतं. पोराचा हात सोडू नका.

जव्हारच्या बाजाराला जाल तेव्हा शिरपामाळावर जा. सुरतेच्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराज तिथं थांबले होते आणि जव्हारच्या राजानं त्यांचं स्वागत केलं, असं सांगतात. जव्हारचे मुकणे राजे महादेव कोळी समाजाचे. त्यांचं संस्थान १९४८ साली विलीन झालं. आपल्यातलंच घराणं इथं राज्य करत होतं, हे ऐकून पोर जरा ताठ बसतं. मी पुष्कळदा पाहिलं आहे.

आणि आता तुम्हांला वाचता येतं. रस्त्याच्या कडेला किलोमीटरचे दगड असतात. दगडाचं डोकं पिवळं असेल तर तो राष्ट्रीय महामार्ग. हिरवं असेल तर राज्याचा रस्ता. नारिंगी असेल तर गावाकडचा रस्ता. डोक्याचा रंग पोराला ओळखू द्या. खालचं गावाचं नाव आणि आकडा तुम्ही बोट ठेवून मोठ्यानं वाचा. मग पुढच्या दगडापर्यंत दोघंही चाला आणि आकडा किती कमी झाला ते त्याला विचारा.