घरातील पाण्याचा दाब : हौद, टाकी व पंप

शेतातील पाण्याचा हिशेब काटेकोर ठेवणारा शेतकरी घरातील पाण्याच्या हिशेबात मात्र पुष्कळदा चुकतो. विहिरीवर किती अश्वशक्तीचा पंप बसवावा, नळी किती इंची घालावी, याचा निर्णय तो चार जाणत्यांस विचारून करतो. पण घरातील तोटीतून पाणी बारीक येऊ लागले की दुकानातून दिसेल ती मोटार आणून ती थेट नळास जोडतो. या उपायाने मूळ रोग बरा होत नाही; उलट नवे जडतात. सबब या विषयाचा मुळापासून विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

दाब कशाने येतो

साठलेल्या पाण्यास दाब येतो तो उंचीमुळे. १० मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ आपल्या तळाशी दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ किलो दाब देतो. टाकी ५०० लिटरची असो वा ५,००० लिटरची, तिच्या आकाराचा याशी संबंध नाही. पाण्याची पातळी तोटीच्या किती वर आहे, एवढेच पाहावयाचे.

छत्रपती संभाजीनगरात हे तत्त्व फार जुने आहे. मलिक अंबराने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकी वसविली व नहर-ए-अंबरीने शहरास पाणी दिले, तेव्हा पंप नव्हता. उंचावरील पाणी बंद नळांतून शहरात उतरविले, हीच सारी युक्ती. अठराव्या शतकातील पाणचक्कीसही हर्सूलकडील उंचावरचे पाणी मातीच्या नळांतून आणलेले आहे. ते आपल्याच दाबाने भिंतीवर चढते, तेथून खाली पडते आणि त्याच्या जोरावर दळण दळले जात असे.

आज स्थिती उलट आहे. शहराचे बहुतेक पाणी पैठणच्या नाथसागरातून येते. जायकवाडीचे हे धरण १९७६ साली पुरे झाले. त्याच्या पूर्ण जलपातळीहून शहर सुमारे १०० मीटर उंचावर आहे. म्हणजे प्रत्येक घागर विजेच्या बळावर चढवावी लागते. वीज गेली की पाळी लांबते. शहरातील रहिवाशांनी कित्येक वर्षे अनेक दिवसांच्या अंतराने येणाऱ्या पाण्यावर संसार केले आहेत. खेड्यांतील नळयोजनांचा अनुभवही याहून फारसा निराळा नाही.

प्रथम परीक्षा, मग खर्च

पाणी सुरू असताना घराच्या पहिल्या तोटीखाली १५ लिटरची बादली ठेवावी व ती किती वेळात भरते ते घड्याळावर पाहावे. नंतर हीच परीक्षा आतील तोटीवर करावी. पहिल्या तोटीवर बादली सव्वा मिनिटात भरली आणि आतल्या तोटीवर चार मिनिटे लागली, तर दोष पुरवठ्याचा नसून घरातील नळीचा आहे. आपल्याकडील काळ्या पाषाणातील विहिरींचे व बोअरचे पाणी बहुधा जड असते. त्यातील क्षार लोखंडी नळीत साचतात आणि एक इंची नळी आतून अर्ध्या इंचाची होते. तेवढेच पाणी अर्ध्या व्यासाच्या नळीतून नेऊ गेल्यास घर्षणात जाणारा दाब सुमारे तीसपट होतो. अशा ठिकाणी मोटारीवर खर्च करणे व्यर्थ होय, नळी बदलावी.

नळास थेट मोटार जोडू नये

पहिल्या तोटीवरच पाणी मंद असेल, तर मोटार लावण्याचा मोह होतो. परंतु मोटार पाणी उत्पन्न करीत नाही. जे नळीत आहे ते ओढते. तिच्या ओढीने सार्वजनिक नळीतील दाब नाहीसा होऊन ती बाहेरचे शोषू लागते. नळीस कोठे चीर असेल व शेजारून गटार वाहत असेल, तर ती घाण आपल्याच घागरीत येते. कावीळ, हगवण व विषमज्वर यांस याहून सोपी वाट नाही. शिवाय वरच्या घराने मोटार लावली की पुढच्या घरांचे पाणी बंद पडते. मग तेही मोटार आणतात आणि शेवटी सर्वांची वीज जळून पाणी पूर्वीइतकेच राहते.

योग्य मार्ग

पाणी येईल त्या वेळी ते आपल्या दाबाने जमिनीतील हौदात पडू द्यावे, आणि मोटारीने हौदातून वरच्या टाकीत चढवावे. पाणी मंद असले तरी हौद जमिनीच्या पातळीखाली असल्याने भरत राहतो.

हौद किती मोठा असावा, हे दोन पाळ्यांमधील दिवसांवरून ठरवावे. सहा माणसांच्या कुटुंबास माणशी १३५ लिटर धरल्यास दिवसास ८१० लिटर लागतात. पाणी सहा दिवसांनी येत असेल, तर सुमारे ५,००० लिटरचा हौद हवा. २ मीटर लांब, २ मीटर रुंद व सव्वा मीटर खोल पाणी राहील असा खड्डा त्यास पुरतो. गोठा असल्यास जनावरांचे पाणी निराळे धरावे. हौद शोषखड्ड्यापासून दूर असावा व त्याचे झाकण घट्ट असावे.

मोटारीचा हिशेबही कठीण नाही. मिनिटास ६० लिटर पाणी, नळीतील घर्षण धरून १५ मीटर चढवावयाचे, तर साधारण अर्ध्या अश्वशक्तीची मोटार पुरते. १,००० लिटरची टाकी सुमारे सतरा मिनिटांत भरते. दोन अश्वशक्तीची मोटार घेण्याचे कारण नाही. मोटार हौदाच्या शक्य तितकी जवळ ठेवावी. पंपाची खालून ओढण्याची शक्ती व्यवहारात सहा-सात मीटरच्या पुढे जात नाही.

टाकी सरळ स्लॅबवर ठेवणे ही नित्याची चूक होय. वरच्या मजल्यावरील स्नानाचा फवारा जमिनीपासून २ मीटरवर व स्लॅब ३ मीटरवर असल्यास फवाऱ्यास अवघ्या १ मीटरचा दाब मिळतो. टाकीखाली २ मीटरचा चौथरा बांधला की तोच दाब तिप्पट होतो, आणि त्यास वीज लागत नाही. मात्र १,००० लिटर पाण्याचे वजन १,००० किलो असते. म्हणून चौथऱ्याचा भार भिंतींवर वा तुळयांवर यावा, स्लॅबच्या मध्यावर कदापि येऊ नये. टाकीतून निघणारी नळी सव्वा इंची असावी व तिला मध्येच उंचवटा नसावा; उंचवट्यात हवा कोंडून पाणी अडते.

चौथरा बांधणे अशक्य असेल, तेव्हाच टाकीनंतर दाब वाढविणारा लहान पंप बसवावा. तोटी उघडताच तो चालू होतो व मिटताच बंद पडतो. पण एखादी तोटी गळत असली तर तो रात्रंदिवस घरघरत राहतो आणि वीज गेली की त्याचा उपयोग नाही.

आणखी एक सूचना आम्ही आग्रहाने करतो. हौद धुण्यास कोणी उतरण्यापूर्वी मोटारीचा वीजप्रवाह मुख्य खटक्यावरून तोडावा, झाकण काही वेळ उघडे ठेवावे व वर दुसरा माणूस उभा करावा. एवढ्या सावधगिरीअभावी माणसे दगावतात.

कालव्याच्या शेवटास ज्यांची जमीन आहे, त्यांस वरच्यांनी बेसुमार पाणी ओढल्याचे दुःख सांगावयास नको. गल्लीतील नळ हाही एक कालवाच आहे. आपल्या पाळीचे पाणी आपल्या हौदात घ्यावे, त्यावर हवी तितकी मोटार चालवावी. परंतु सामाईक नळीवर ती चालवू नये. यात शेजाऱ्याचा न्याय आहे व आपल्या लेकरांचे आरोग्यही आहे.