तिसरे शील आणि अठरा वर्षांची अट



मज्झिम निकायातील सालेय्यक सुत्तात तिसऱ्या शीलाचा भंग कशाने होतो हे सांगताना बुद्धांनी आई, वडील, भाऊ, बहीण, नातेवाईक यांच्या रक्षणाखाली असलेल्या मुलीचा उल्लेख केला आहे. पण रक्षण करणाऱ्यांनीच पंधराव्या वर्षी तिचे लग्न लावून दिले तर? तेव्हा कायदाच तिचा आधार. भारतात हा आधार फार काळ अर्धवट होता.

1929 च्या शारदा कायद्याने मुलीचे लग्नाचे वय 14 केले. 1978 मध्ये ते 18 झाले. मात्र दंड संहितेच्या कलम 375 मध्ये एक अपवाद होता : पत्नी 15 वर्षांहून लहान नसेल, तर पतीने केलेली जबरदस्ती बलात्कार ठरत नसे. म्हणजे ज्या सोळा वर्षांच्या मुलीला 2012 चा पोक्सो कायदा बालक म्हणतो, तिचेच लग्न लागले की दंड संहिता पाठ फिरवी. 11 ऑक्टोबर 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही मर्यादा 18 वर नेली. आजच्या भारतीय न्याय संहितेतही ती 18 आहे.

तरीही एक गाठ सुटलेली नाही. 2006 च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याप्रमाणे असे लग्न बहुधा आपोआप रद्द होत नाही. सज्ञान झाल्यावर दोन वर्षांच्या आत मुलीने स्वतः न्यायालयात जावे लागते, तेही ज्या घराने तिला बोहल्यावर चढवले त्याच घराच्या विरोधात! कर्नाटकाने दुरुस्ती करून बालविवाह मुळातच रद्दबातल ठरवला. महाराष्ट्रानेही तसे करावे, असे माझे मत आहे.

लग्नाची घाई करू नका, असे बाबासाहेबांनी जुलै 1942 मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत सांगितले होते. आता गावाकडची पत्रिका आपल्याला व्हॉट्सॲपवर येते. मुलगी अजून दहावीत आहे हे ठाऊक असेल, तर आहेर पाठवण्याआधी गावातल्या विश्वासू माणसाला 1098 वर फोन करायला सांगा, किंवा ग्रामसेवकाला कळवा. ग्रामीण महाराष्ट्रात तोच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. लग्न लागण्याआधी न्यायालय मनाईहुकूम देऊ शकते. अशा लग्नाला हजर राहणेही गुन्हा आहे, हे काका-मामांना जरूर सांगा.

आणि आपण राहतो त्या इंग्लंड-वेल्समध्ये 27 फेब्रुवारी 2023 पासून अठराखालील मुलामुलीचे लग्न लावणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जबरदस्ती झाली नाही, नोंदणी केली नाही, सुट्टीत भारतात नेऊन लावले, यांपैकी कोणतीही सबब चालत नाही.