ऑपेरा हाउस : एका रंगमंदिराची वाटचाल

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरी विणल्या जातात आणि टॉवेलही. बाजार बदलला की माल बदलतो. कारखाना मात्र टिकतो. नाट्यगृहांचेही असेच असते काय? या दृष्टीने मुंबईचे रॉयल ऑपेरा हाउस अभ्यासण्याजोगे आहे.

बांधकाम पुरे होण्यापूर्वीच, १९११ मध्ये पंचम जॉर्ज बादशहांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. प्रारंभी तेथे पाश्चात्त्य संगीतिका होत. पुढे बालगंधर्व व मास्टर दीनानाथ त्या रंगमंचावर गायले, पृथ्वीराज कपूर यांची नाटके गाजली, नंतर चित्रपट आले. घुमटाखालची सोनेरी नक्षी आणि सज्जे यांमुळे साध्या प्रेक्षकालाही तीन तास राजवाड्यात बसल्याचे सुख लाभे.

पुढे दूरदर्शन व व्हिडिओ घरोघरी पोहोचले, प्रेक्षक रोडावले आणि १९९३ मध्ये दारे बंद झाली. तरी तेवीस वर्षे लोकांच्या तोंडी त्या परिसराचे नाव ‘ऑपेरा हाउस’च राहिले! वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली जीर्णोद्धार होऊन २०१६ मध्ये पडदा पुन्हा उघडला.

तात्पर्य, नाव आठवणींवर जगते. रंगमंदिर मात्र तिकीट काढून येणाऱ्या प्रेक्षकांवरच जगते.