संगणकाचा आरंभ आणि व्यवस्थापकाची सावधगिरी

विजेची कळ दाबल्यापासून संगणक कामास सिद्ध होईपर्यंत त्याच्या अंतर्भागात एक ठरावीक क्रम चालतो. प्रथम मुख्य पाटावरील चिपमध्ये साठविलेला कार्यक्रम यंत्राची प्राथमिक तपासणी करून बूटलोडर या लहानशा कार्यक्रमास पाचारण करतो. बूटलोडर कर्नल, म्हणजे साऱ्या कारभाराचा गाभा, डिस्कवरून स्मृतीत आणतो. कर्नल आपली सिद्धता झाल्यावर एकच कार्यक्रम सुरू करतो. त्यास प्रक्रिया क्रमांक १ म्हणतात. इतर सर्व सेवा तिच्याच द्वारे चालू होतात. ती मध्येच बंद पडल्यास कर्नल संपूर्ण यंत्र थांबवितो.

जुनी पद्धत व नवी पद्धत

लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ साली फिनलंडमध्ये लिनक्सचा पाया घातला. पुढे बहुतेक लिनक्स प्रणालींनी आरंभाची पद्धत १९८३ सालच्या ‘युनिक्स सिस्टम फाइव्ह’ या प्रणालीवरून घेतली. तीत प्रत्येक सेवेसाठी आज्ञांची एक स्क्रिप्ट असे आणि पंगतीत एकामागून एक पान वाढावे त्याप्रमाणे सेवा क्रमाने सुरू होत. ही पद्धत संथ होती. परंतु कोणतीही स्क्रिप्ट उघडून वाचता येत असे.

२०१० साली लेनार्ट पोटरिंग व के सीव्हर्स यांनी ‘सिस्टमडी’ पुढे आणली. कोणती सेवा कोणत्या सेवेवर अवलंबून आहे हे पाहून ती अनेक सेवा एकाच वेळी सुरू करते. २०११ साली फेडोरा १५ मध्ये ती रूढ झाली. डेबियनच्या तांत्रिक समितीने दीर्घ वादानंतर फेब्रुवारी २०१४ मध्ये तिची निवड केली, व एप्रिल २०१५ मध्ये डेबियन ८ तिच्यासह प्रसिद्ध झाले. हा निर्णय अमान्य असणाऱ्यांनी ‘देवुआन’ नावाची स्वतंत्र शाखा काढली.

भीतीचे कारण

सावध व्यवस्थापकाची चिंता केवळ सवयीपोटी नव्हती. एक उदाहरण पाहू. आरंभी कोणत्या डिस्का जोडावयाच्या याची यादी ‘एफएसटॅब’ या फाइलीत असते. समजा, एक जादा डिस्क काढून टाकली, पण यादीतील तिची ओळ तशीच राहिली. जुनी पद्धत चूक नोंदवून सामान्यतः पुढे जाई. सिस्टमडी मात्र सुमारे ९० सेकंद वाट पाहून आणीबाणीच्या अवस्थेत थांबते. सर्व्हर दुसऱ्या गावी असेल, तर दूरवरून प्रवेश देणारी सेवा सुरूच होत नाही. यंत्र चालू असूनही व्यवस्थापकाच्या हाती येत नाही!

तथापि या कठोरपणामागे तर्क आहे. न जोडलेली डिस्क जर माहिती साठविण्याची असेल, तर रिकाम्या जागेवर काम सुरू होऊन नोंदी भलतीकडे लिहिल्या जातील. त्यापेक्षा थांबणे बरे. ज्या डिस्केवाचून काम अडत नाही, तिच्या ओळीत ‘नोफेल’ हा शब्द लिहिला की आरंभ अडत नाही.

सावधगिरीचे उपाय

बदलापूर्वी यंत्र एकदा आहे त्याच स्थितीत पुन्हा सुरू करून पाहावे. अनेक महिने अखंड चाललेल्या यंत्रातील दडलेले दोष तेव्हाच उघड होतात, आणि त्यांचा ठपका नव्या पद्धतीवर येत नाही. यादीतील प्रत्येक ओळ खऱ्या डिस्केशी ताडून पाहावी. बदल प्रथम तशाच दुसऱ्या यंत्रावर करावा. जुने कर्नल लगेच काढू नये, कारण बूटलोडरच्या यादीतून ते पुन्हा निवडता येते. डेबियन ८ मध्ये जुन्या आरंभपद्धतीकडे परतण्याची सोयही ठेवलेली होती. शेवटी, यंत्राजवळ कोणी माणूस उपस्थित असेल अशीच वेळ निवडावी.

चालू यंत्रातील बिघाड बहुधा यंत्राच्याच साहाय्याने शोधता येतो. आरंभी झालेला बिघाड मात्र ते साहाय्यच हिरावून घेतो. म्हणून परतीची वाट आधी तयार ठेवून मगच या भागास हात लावणे इष्ट होय.