लोंबलेलं छत लिंपू नका, उघडा

बेळगावात तरण्या पावसाची झड लागली की दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. अशा हवेत जिप्सम बोर्डाचं फॉल्स सीलिंग करायला हरकत नाही, पण त्याचा स्वभाव माहीत हवा. आमच्या वडगावच्या घरातलं हॉलचं सीलिंग आणि निपाणीला बहिणीकडचं माजघरातलं, दोन्ही एकाच पावसाळ्यात लोंबली. एक काढून टाकावं लागलं, दुसरं वाचलं.

वडगावला पंख्याशेजारचं बोर्ड पोट काढून खाली आलं होतं. त्यावर चहाच्या कपाचा उठतो तसा तपकिरी डाग होता, एका कड्याबाहेर दुसरं कडं. पाहायला आलेला मिस्त्री म्हणाला, "काका, पुट्टी भरून दोन हात रंग मारला की कळायचं नाही बघा." कळलं नसतं, हे खरंच. पण कड्यावर कडं उठलेलं असेल तर पाणी एकदा येऊन थांबलेलं नाही, पुन:पुन्हा येतंय, असं समजावं.

त्यामुळे बोर्ड उघडायचंच ठरवलं. हे काम करताना आधी मेन स्विच बंद करा आणि खालचं सामान हलवा. साडेबारा मिलिमीटर जाडीचं, 4 बाय 6 फुटांचं बोर्ड कोरडं असतानाच अठरा-वीस किलोंचं भरतं, पाणी प्यायलं की आणखी जड होतं. फुगवट्यात पाणी साठलं असेल तर खाली टब ठेवा, बाजूला उभं राहून सगळ्यात खोल जागी स्क्रू-ड्रायव्हरनं भोक पाडा आणि पाणी उतरू द्या. फुगवट्याच्या थेट खाली कुणीही थांबू नये.

बोर्ड निघालं तेव्हा खरं दुखणं दिसलं. चॅनेल स्लॅबमध्ये ठोकलेल्या लाकडी गुल्ल्यांना बाइंडिंग वायरनं टांगलेले होते आणि गुल्ले ओलीनं सैल झाले होते. दोन चॅनेलमध्ये अंतर अडीच फूट. साधारण दीड फुटापेक्षा जास्त अंतर ठेवू नये, आणि स्क्रू नऊ-नऊ इंचांवर हवेत. इथं ते हात-हात अंतरावर होते. त्यांची डोकी कागद फाडून आत घुसली होती आणि भोवती पांढरा भुगा झाला होता. बोर्डाची बरीचशी ताकद दोन्ही बाजूंच्या कागदात असते. आतलं जिप्सम भिजून मऊ झालं आणि कागद सुटला की ते बोर्ड वाळलं तरी पूर्वीसारखं होत नाही. अंगठ्यानं दाबून पाहा: खळगा पडला, बुरशीचा वास आला किंवा स्क्रूभोवती भुगा सुटला, तर तेवढं बोर्ड बदलायचं.

पाणी येत होतं गच्चीवरून. पावसाच्या पाइपाच्या तोंडाशी पाला साचला होता, तुंबलेलं पाणी पॅरापेटच्या बुडाशी फुटलेल्या सिमेंटमधून स्लॅबमध्ये मुरत होतं. पाइप लगेच मोकळा केला. वॉटरप्रूफिंग मात्र दिवाळीनंतर, स्लॅब पूर्ण सुकल्यावर केलं. मग गच्चीवर दोन दिवस पाणी कोंडून ठेवलं, खाली ओल उतरत नाही याची खात्री केली आणि त्यानंतरच नवं बोर्ड चढवलं. हिरवं, ओलाव्याला टिकणारं बोर्ड दमट हवा सोसतं, गळती नाही. ते लावलं म्हणून गच्चीचं काम टाळता येत नाही.

निपाणीची गोष्ट वेगळी. तिथं कौलारू घर, पण कौलं शाबूत. छताला डाग नाही, बोर्ड टणक, फक्त मधोमध झोळ. सीलिंगच्या वरच्या पोकळीत भाच्यांनी जुन्या पुस्तकांची पोती चढवली होती. फॉल्स सीलिंग म्हणजे माळा नव्हे, ते स्वत:च्या वजनापुरतंच असतं. पोती उतरवली, बांबूला आडवी फळी ठोकून टेकू केला, त्यानं झोळ हळूहळू वर उचलला, मध्ये जादा चॅनेल टाकून नवे स्क्रू मारले. जॉइंटवर नुसती पुट्टी न भरता टेप लावून कंपाउंड भरलं. बोर्ड वाचलं. पंखा आणि जड झुंबर मात्र स्लॅबच्या किंवा तुळईच्या हुकालाच टांगा, सीलिंगच्या सांगाड्याला कधीही नाही.

नवं काम देत असाल तर चॅनेलचं अंतर, स्क्रूचं अंतर आणि स्लॅबमध्ये धातूचे फास्टनर, हे कोटेशनमध्येच लिहून घ्या. बोर्ड चढण्याआधी सांगाड्याचे फोटो काढा. वर डोकावता येईल अशी एक झडप ठेवायला सांगा. मृग लागायच्या आत दर वर्षी पाइपांची तोंडं साफ करा. आणि छत लोंबलंच, तर मिस्त्रीनं पुट्टीचा डबा उघडायच्या आत त्याला गच्चीवर घेऊन जा.