सर्पविष आणि रक्तदाबाची गोळी

रक्तदाबाची गोळी नाहीं असें घर आतां क्वचितच आढळतें. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांच्या आजी-आजोबांच्या उशाशीं एनालॅप्रिल, रॅमिप्रिल अथवा लिसिनोप्रिल असें नांव छापलेली पट्टी असेल. ज्यांच्या नांवाच्या शेवटीं 'प्रिल' येतें तीं औषधें एकाच कुळांतलीं. डॉक्टर त्यांस 'ए. सी. ई. इन्हिबिटर' म्हणतात. या कुळाचा मूळ पुरुष ब्राझील देशांतील एका सर्पाच्या विषांत सांपडला, हें मात्र ती गोळी नित्य घेणारांपैकीं थोड्यांसच ठाऊक असतें. आम्हांसही तें गेल्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतें. एका खोकल्यानें तें आम्हांस शिकविलें. त्याची हकीकत पुढें येईल.

रक्त ढकलण्याचें काम हृदयाचें खरें, परंतु दाब किती असावा हें ठरविण्यांत मूत्रपिंडांचा वांटा मोठा आहे. १८९८ सालीं स्टॉकहोम येथें टिगरस्टेट व बर्गमन या दोघांनीं सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क दुसऱ्या सशाच्या शिरेंत टोचला, तों त्याचा दाब चढला. अर्कांतील या द्रव्यास त्यांनीं 'रेनिन' असें नांव दिलें. रेनिन स्वतः दाब वाढवीत नाहीं, हें पुढें कळलें. यकृतानें रक्तांत सोडलेल्या एका मोठ्या प्रथिनाचा तें तुकडा पाडतें. दहा अमिनो आम्लांचा हा तुकडा जवळजवळ निरुपद्रवी असतो. त्यास अँजिओटेन्सिन-एक म्हणतात. त्याच्या टोंकाचीं दोन अमिनो आम्लें कापलीं गेलीं म्हणजे उरलेल्या आठांचें अँजिओटेन्सिन-दोन होतें, आणि तें मात्र रक्तवाहिन्या जोरानें आवळतें व देहांत मीठ आणि पाणी राखून ठेवावयास लावतें. हें कापण्याचें काम करणारें एन्झाइम म्हणजेच ए. सी. ई. होय. तें १९५६ सालीं स्केग्ज व त्यांच्या सहकाऱ्यांनीं घोड्याच्या रक्तांत शोधून काढलें. फुप्फुसांतील बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तरांत तें विपुल असतें.

ही योजना देहाच्या शत्रुत्वाची नव्हे. जखमेंतून रक्त वाहून गेलेल्या किंवा जुलाबांनीं सुकलेल्या मनुष्याचा जीव याच आवळण्यानें तगतो. ज्याचा दाब वर्षानुवर्षें चढलेला आहे त्याच्या देहांत मात्र तीच योजना हृदय, मेंदू व खुद्द मूत्रपिंडें यांस झिजवूं लागते.

आतां सर्पाकडे वळूं. जराराका हा आपल्या घोणसीच्याच कुळांतला. त्याचा दंश झाला असतां दाब कोसळतो. १९४९ सालीं साओ पाउलो येथें रोशा ई सिल्व्हा व त्यांच्या सहकाऱ्यांस असें आढळलें कीं, हें विष रक्तद्रवांत मिसळलें असतां रक्तवाहिन्या सैल करणारें एक द्रव्य मोकळें होतें. त्याचें नांव ब्रॅडिकायनिन. देहांत तें फार वेळ टिकत नाहीं. परंतु त्याचा नाश होऊं न देणारा एक अंशही त्याच विषांत आहे, हें रोशा ई सिल्व्हा यांचे शिष्य सर्जिओ फेरेरा यांनीं १९६५ सालीं दाखविलें. हा अंश घेऊन फेरेरा लंडन येथें जॉन व्हेन यांच्या प्रयोगशाळेंत गेले. तेथें वाय. एस. बखले या शास्त्रज्ञांनीं (या आडनांवाशीं मराठी वाचक क्षणभर थबकेल) कुत्र्याच्या फुप्फुसांतून काढलेल्या ए. सी. ई.वर तो घालून पाहिला, आणि एन्झाइमचें काम अडलें! ब्रॅडिकायनिन मोडणारें व अँजिओटेन्सिन-दोन घडविणारें एन्झाइम एकच आहे, हें त्यानंतर लवकरच स्पष्ट झालें.

विषांतील या द्रव्याचा नऊ अमिनो आम्लांचा एक प्रकार टोचून दिला असतां रुग्णांचा दाब उतरे. पोटांत घेतला तर तो पचून जाई. स्क्विब कंपनीचे कुशमन व ओंडेट्टी यांनीं मग निराळी वाट धरिली. ए. सी. ई.ची घडण कोणींच पाहिली नव्हती. परंतु बैलाच्या स्वादुपिंडांतील एका ओळखीच्या एन्झाइमप्रमाणें त्याच्याही गाभ्यांत जस्ताचा अणु असावा, असें धरून त्यांनीं त्या जस्तास जाऊन चिकटेल असा लहानसा रेणु आंखला व बनविला. शेजारच्या घरचें कुलूप पाहून आपल्या कुलुपाची किल्ली घडवावी तसें हें झालें. आम्हांस या इतिहासांत हाच भाग सर्वांत सुंदर वाटतो. १९७५ सालीं सिद्ध झालेल्या या कॅप्टोप्रिलास १९८१ सालीं अमेरिकेंत मान्यता मिळाली. एनालॅप्रिल वगैरे भावंडें मागाहून आलीं.

असो. गेल्या पावसाळ्यांत आमचा दाब १६०/१०० निघाला व आम्हांस यांपैकींच एक गोळी मिळाली. दाब उतरला, पण महिन्याभरांत घशाशीं खवखव व कोरडा खोकला सुरू झाला. नववीच्या वर्गांत समास सोडवितांना वाक्य पुरें होईना. मागच्या बांकावरील मुलें आमचे खोकले मोजूं लागलीं व एका तासाची त्यांची बेरीज एकेचाळीस आली. अडुळसा झाला, ज्येष्ठमध झालें, छातीचा फोटोही निर्दोष आला. अखेर 'गोळी उष्ण पडते' या एका शेजाऱ्याच्या मतावर विसंबून आम्हीं ती कोणास न विचारतां सोडून दिली. खोकला थांबला आणि आम्ही आपल्या शहाणपणावर खूष झालों. दोन महिन्यांनीं शाळेंत मुलांची आरोग्यतपासणी होती. डॉक्टरांनीं सहज आमच्याही दंडास पट्टा बांधला, तों दाब १७८/१०८! अंगास कांहींएक जाणवलें नव्हतें. रक्तदाब बहुधा जाणवत नाहींच, आणि त्याच भरंवशावर लोक औषध टाकतात.

सारी हकीकत ऐकून डॉक्टर म्हणाले, "सर, खोकला आला तेव्हांच मला सांगायला हवें होतें." ए. सी. ई. अडलें म्हणजे ब्रॅडिकायनिन फुप्फुसांत सांचतें व त्यानें खोकला येतो, असें मानतात; फेरेरा यांनीं विषांत जें पाहिलें तेंच आमच्या घशांत चाललें होतें. सर्वांसच असें होत नाहीं. दहांत एखाद्यास होतें. ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला तर मात्र तत्काळ रुग्णालय गांठावें आणि ही गोळी पुन्हां कधीं घेऊं नये. गर्भवतीस तर ती मुळींच चालत नाहीं, कारण तिनें गर्भाच्या मूत्रपिंडांस इजा पोंचते. डॉक्टरांनीं आम्हांस लोसार्टान दिलें. तें अँजिओटेन्सिन-दोन घडूं देतें, पण तें जेथें जाऊन बसतें ती जागाच अडवून धरतें. ब्रॅडिकायनिनच्या वाटेस जात नाहीं. खोकला परत आला नाहीं. या दोन्ही जातींच्या औषधांनीं रक्तांतील पोटॅशियम वाढूं शकतें, म्हणून तें व क्रिएटिनिन पंधरा दिवसांनीं तपासून घ्या, असें त्यांनीं चिठ्ठीवर लिहून दिलें. ती चिठ्ठी या वेळीं आम्हीं हजेरीपटांतच ठेविली.